मूळ संचातली रिकामी जागा

मराठी नाटकाच्या जाहिरातीत एक छोटासा शब्दप्रयोग असतो: 'मूळ संचात'. पनवेलच्या आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहाबाहेरच्या फलकांवर मी तो कित्येकदा वाचला आहे. अर्थ सोपा. नाटक जुनं, पण माणसं तीच. ज्यांनी पहिल्यांदा केलं, तेच आज पुन्हा रंगमंचावर येणार. या दोन शब्दांवर तिकिटं विकली जातात, कारण त्यात प्रेक्षकाला दिलेलं एक वचन असतं: तुम्हाला जे आठवतंय, तेच मिळेल.

सिनेमावाल्यांनी हे वचन गेल्या काही वर्षांत फारच मनावर घेतलंय. २०२३ मध्ये 'गदर २' आला तेव्हा पहिल्या 'गदर'ला २२ वर्षं झाली होती. दिग्दर्शक अनिल शर्मा, सनी देओल, अमीषा पटेल, सगळे परतले आणि सिंगल स्क्रीन थिएटरांबाहेर पुन्हा रांगा लागल्या. त्याआधी २०१६ मध्ये 'घायल वन्स अगेन' आला होता. त्यात सनी होता, पण मूळ 'घायल'चे दिग्दर्शक राजकुमार संतोषी नव्हते. तो चित्रपट तसा चालला नाही. म्हणजे संच महत्त्वाचा आहे, हे निर्मात्यांनाही कळलंय.

पनवेल म्हटलं की बाहेरच्या लोकांना सलमान खानचं फार्महाऊस आठवतं. पण नव्वदच्या दशकात इथे लहान असलेल्या आम्हा पोरांच्या डोक्यात जो सिनेमा घट्ट बसला, त्यात सलमान नव्हता. एक बाहुला होता. मिशीवाला, कपाळावर आठ्या असलेला, चाकू घेऊन फिरणारा. तात्या विंचू.

'झपाटलेला' १९९३ मध्ये आला, 'झपाटलेला २' २०१३ मध्ये. आता तिसऱ्या भागाची चर्चा आहे. ज्याच्याशिवाय पहिला भाग उभाच राहिला नसता, तो लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, २००४ मध्येच गेला. एआयच्या मदतीनं त्याला पुन्हा पडद्यावर आणण्याचा विचार असल्याचं महेश कोठारे यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. मेलेल्या माणसाचा आत्मा एका बाहुल्यात शिरतो, अशी या सिनेमाची गोष्ट. आणि आता तोच सिनेमा पुढे नेण्यासाठी गेलेल्या माणसाचा चेहरा यंत्रात घालायचा बेत. मला हा योगायोग विनोदी वाटतो आणि थोडा भीतिदायकही. म्हणून हा इतिहास नीट मांडून बघावासा वाटला.

वकील झालेला बालकलाकार

महेश कोठारे यांची सुरुवात बालकलाकार म्हणून झाली. 'छोटा जवान' (१९६३) आणि हिंदीतला 'राजा और रंक' (१९६८) हे त्यांचे लहानपणचे सिनेमे. पुढे त्यांनी कायद्याचं शिक्षण घेतलं. मग १९८५ मध्ये 'धूमधडाका' दिग्दर्शित केला. त्याची गोष्ट 'कादलिक्क नेरमिल्लै' (१९६४) या तमिळ सिनेमावरून आली होती. हिंदीत तीच गोष्ट 'प्यार किये जा' (१९६६) म्हणून येऊन गेली होती. कोठारेंनी ती मराठीत आणली आणि अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यासकट धुमाकूळ घातला.

खरा बदल त्यानंतरचा. मराठी सिनेमा म्हणजे तमाशापट, दादा कोंडक्यांचे विनोदी सिनेमे किंवा घराघरातलं रडगाणं, असं समीकरण तोवर पक्कं झालं होतं. मारामारी, पाठलाग, गुहेत राहणारा खलनायक, शेवटी मोठा स्फोट हे सगळं हिंदीनं करायचं आणि मराठी माणसानं ते हिंदीत बघायचं. कोठारेंनी हा सगळा मसाला मराठीत आणला. 'दे दणादण' (१९८७) मध्ये मारुतीचं बळ मिळालेला पोलीस. 'थरथराट' (१९८९) मध्ये टकलू हैवान. 'धडाकेबाज' (१९९०) मध्ये कवट्या महाकाळ आणि बाटलीतून निघणारा गंगाराम. 'धडाकेबाज' हा मराठीतला पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणून ओळखला जातो. पडदा रुंद, पैसे थोडे आणि हौस मोठी, असा तो काळ.

या सिनेमांचे भाग एक-दोन-तीन असे नंबर नव्हते, पण बघणाऱ्यासाठी ती एक मालिकाच होती. तीच माणसं दरवेळी यायची. महेश नावाचा कर्तव्यदक्ष, जरा सरळसोट नायक, त्याच्या तोंडी 'डॅम इट'. शेजारी गोंधळी, भित्रा पण मनानं स्वच्छ लक्ष्या. आणि समोर असा खलनायक, ज्याचं नाव एकदा ऐकलं की आयुष्यभर विसरत नाही. 'डॅम इट' हे दोन शब्द इतके चिकटले की कोठारेंच्या आत्मचरित्राचं नावही 'डॅम इट आणि बरंच काही' असं आहे.

आजच्या भाषेत याला फ्रँचायझी म्हणतील, युनिव्हर्स म्हणतील. त्या काळी त्याला कोठारेंचा पिक्चर म्हणायचे.

बाहुला कोणाचा?

१९८८ मध्ये अमेरिकेत 'चाइल्ड्स प्ले' आला. मरायला टेकलेला एक खुनी जादूटोण्यानं स्वतःचा आत्मा खेळण्यातल्या बाहुल्यात घालतो. त्या बाहुल्याचं नाव चकी. 'झपाटलेला'चा कणा तिथूनच आलाय, यात लपवण्यासारखं काही नाही. हिंदीतही १९९६ मध्ये 'पापी गुडिया' नावानं हीच कल्पना येऊन गेली. आज ती किती जणांना आठवते? 'झपाटलेला' मात्र हिंदीत डब होऊन 'खिलौना बना खलनायक' नावानं देशभर फिरला आणि आजही मीममध्ये जिवंत आहे. उसनी कल्पना दोघांचीही, मग एक टिकली आणि एक विरली असं का झालं?

माझ्या मते पहिलं कारण म्हणजे गोष्ट इथल्या मातीत नीट रुजवली. अमेरिकन सिनेमातल्या वूडूच्या जागी मृत्युंजय मंत्र आला, आणि तो शिकवणारा बाबा चमत्कार आला. राघवेंद्र कडकोळ यांनी तो असा केला की भीती वाटावी की हसावं हेच कळू नये. दुसरा बदल त्याहून हुशारीचा. मूळ सिनेमात बाहुला एका लहान मुलाकडे जातो. मराठीत तो एका वाढलेल्या माणसाकडे येतो, ज्याला बोलक्या बाहुल्यांचा नाद आहे. आता अशा माणसानं गावभर सांगितलं की 'हा बाहुला स्वतःहून बोलतो', तर कोण विश्वास ठेवणार? लोक म्हणणार, अरे तूच तर बोलतोयस. एका छोट्या बदलानं भयपटाचा विनोदी सिनेमा झाला आणि भीतीही शाबूत राहिली.

दुसरं कारण म्हणजे माणसं. तात्या विंचू एकट्याचा नव्हता.

त्याचं शरीर रामदास पाध्ये यांचं. पाध्ये घराण्याची ही दुसरी पिढी. वडील य. के. पाध्ये यांनी घडवलेला अर्धवटराव शंभरी पार करून गेलेला बाहुला आहे. या कलेला मराठीत शब्दभ्रम असा सुंदर शब्द आहे. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला तो खिदळणारा ससा आठवतो? तोही पाध्यांचाच. कॉम्प्युटरवर बाहुले बनवायची सोय मराठी निर्मात्याकडे नव्हती, त्या काळात तात्याचे डोळे, ओठ, हात हलले ते चौकटीबाहेर दडून बसलेल्या माणसांच्या हातांनी.

त्याचा आवाज दिलीप प्रभावळकरांचा. जिवंत गुंड तात्या विंचूही तेच आणि बाहुल्यातला आवाजही तेच. 'चौकट राजा' मध्ये नंदूसाठी प्रेक्षकाला रडवणारा आणि पुढे 'लगे रहो मुन्नाभाई' मध्ये गांधीजी होणारा हाच माणूस, हे लहानपणी कुणी सांगितलं असतं तर मी पैज लावली असती.

आणि तिसरा लक्ष्या. याबद्दल कमी बोललं जातं. शब्दभ्रमाचा साधा नियम आहे: बाहुला जिवंत वाटतो तो त्याच्या ओठांमुळे कमी आणि समोरच्या माणसाच्या नजरेमुळे जास्त. अर्धवटराव उद्धटपणे काही बोलला की पाध्ये त्याच्याकडे खरोखर चिडून बघतात, म्हणून आपल्यालाही तो उद्धट वाटतो. 'झपाटलेला' मध्ये ते काम बेर्डेंनी केलं. रबर, लाकूड आणि तारांच्या एका वस्तूकडे बघून त्यांनी इतकं मनापासून घाबरून दाखवलं की वस्तूत जीव आला. पुन्हा कधी बघाल तेव्हा बाहुल्याकडे बघू नका, लक्ष्याच्या डोळ्यांकडे बघा.

लाइन आळीतला तात्या

आमच्याकडे 'झपाटलेला' आला तो केबलवरून. पनवेल तेव्हा अर्धं गाव, अर्धं शहर. एकीकडे जुन्या वाड्यांचं, तळ्यांचं पनवेल आणि रेल्वेपलीकडे सिडकोनं आखलेलं नवीन पनवेल. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे अजून व्हायचा होता. केबलवाला रात्री स्वतःच्या चॅनेलवर कॅसेट लावायचा. कुठला पिक्चर ते आधी माहीत नसायचं. सुरुवातीची नावं येईपर्यंत घरातले सगळे अंदाज बांधत बसायचे. 'कोठारेंचा आहे' असं कुणी ओरडलं की शेजारची पोरंही आत यायची.

ज्या दिवशी तात्या विंचू पहिल्यांदा पाहिला, त्या रात्रीपासून माझी बाहुली कपाटात गेली. चुलतभाऊ तिला रोज काढून माझ्या उशाशी ठेवायचा आणि अंधारात मंत्र पुटपुटायचा. मी किंचाळायचे. आजी पलीकडच्या खोलीतून म्हणायची, 'मेल्यांनो, झोपा आता. मुडद्यांची नावं रात्री घेऊ नयेत.' हा प्रकार आमच्या एकट्यांच्या घरी नव्हता. शाळेत विचारलं तर निम्म्या मुलींच्या बाहुल्या कपाटातच होत्या.

मराठी सिनेमाबद्दल लिहिताना आपण पुरस्कारांची, परदेशी महोत्सवांची भाषा वापरतो. ती वापरावीच. पण एका पिढीला आपल्याच भाषेत भीती वाटायला लावणं हेही मोठं काम आहे. तोवर भुतं हिंदी किंवा इंग्रजी बोलायची. तात्या मराठीत धमक्या द्यायचा, तेही थेट आमच्या शेजाऱ्यांच्या सुरात.

वीस वर्षांनी

लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेले. वय अवघं पन्नास. कोठारेंचा 'पछाडलेला' त्याच वर्षातला, त्यात ते होते. त्यानंतर 'झपाटलेला'चा दुसरा भाग काढायचा म्हणजे आधी त्या रिकाम्या जागेचं उत्तर शोधणं आलं.

'झपाटलेला २' ७ जून २०१३ रोजी प्रदर्शित झाला, मराठीतला पहिला थ्रीडी चित्रपट म्हणून. मूळ संच बऱ्यापैकी जमला होता. दिग्दर्शक कोठारेच. आवाज प्रभावळकरांचाच. बाहुला पाध्यांचाच, आणि आता रामदास पाध्यांबरोबर त्यांचे चिरंजीव सत्यजितही. बाबा चमत्कार म्हणून कडकोळ परतले, हवालदार विजय चव्हाण परतले, लक्ष्याची आई मधू कांबीकर परतल्या. लक्ष्याच्या जागी कुणी दुसरा नट उभा केला नाही. गोष्टीनं मान्य केलं की लक्ष्या आता नाही. त्याचा मुलगा आहे. ती भूमिका आदिनाथ कोठारेनं केली, म्हणजे १९९४ च्या 'माझा छकुला' मधला तोच छकुला.

मी तो नवी मुंबईतल्या एका मल्टिप्लेक्समध्ये पाहिला. चष्मे लावून बसलेल्या प्रेक्षकांत आमच्या वयाचे बरेच होते, काही जण कडेवर पोरं घेऊन आलेले. बाबा चमत्कार दिसला तेव्हा शिट्ट्या पडल्या. तात्यानं तोंड उघडलं तेव्हा टाळ्या. मजा आली, खोटं का बोलू. पण भीती वाटली नाही. तेव्हा मला वाटलं, आपण मोठे झालो म्हणून असेल. आज वाटतं, कारण वेगळं असावं. बाहुला उडत्या वस्तूंसकट अंगावर येत होता, पण त्याच्यासमोर लक्ष्यासारखं घाबरणारं कुणी नव्हतं.

सिनेमा म्हणून दुसऱ्या भागात उणिवा असतील. पण रिकामी जागा रिकामी दाखवण्याचा निर्णय मला अजूनही योग्य वाटतो. त्यानंतर जागा वाढतच गेल्या. विजय चव्हाण २०१८ मध्ये गेले, राघवेंद्र कडकोळ २०२१ मध्ये.

जगातले मूळ संच

हा प्रश्न फक्त आपला नाही. 'लीथल वेपन'चा पहिला भाग १९८७ चा, चौथा १९९८ चा. पाचव्याची चर्चा इतकी वर्षं चालली की चारही भाग करणारे दिग्दर्शक रिचर्ड डॉनर २०२१ मध्ये वारले. मूळ संच जमवायला उशीर केला की काळ स्वतःच कास्टिंग करतो.

'टर्मिनेटर: डार्क फेट' (२०१९) साठी जेम्स कॅमेरॉन निर्माता म्हणून परतला, लिंडा हॅमिल्टन आणि अर्नोल्ड श्वार्झनेगर परतले. तरी लोक फारसे आले नाहीत. 'इंडियाना जोन्स'च्या २०२३ च्या भागात ऐंशीच्या घरातल्या हॅरिसन फोर्डला सुरुवातीला कॉम्प्युटरनं तरुण करून धावायला लावलं. चेहरा तरुण, आवाज म्हातारा. उलट 'टॉप गन: मॅव्हरिक' (२०२२) मध्ये वॅल किल्मरचं आजारपण लपवलं नाही. घशाच्या कर्करोगानं त्याचा आवाज खऱ्या आयुष्यात गेला होता. पात्रालाही तसंच आजारी दाखवलं, तो टॉम क्रूझशी कीबोर्डवर टाइप करून बोलतो. मूळ संच म्हणजे वीस-तीस वर्षांचं जे काही त्यांच्या अंगावरून गेलं, त्यासकट आलेली माणसं. ते वय पुसलं की मग त्यांना परत बोलावलं कशाला?

सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र खुद्द चकीचं आहे. चकीचा आवाज ब्रॅड डुरिफचा, आणि या सगळ्याचा कल्पक लेखक डॉन मॅन्सिनी. २०१९ मध्ये या दोघांना वगळून 'चाइल्ड्स प्ले' नव्यानं काढला गेला, आवाज मार्क हॅमिलसारख्या कसलेल्या माणसाचा. तो एका भागावर थांबला. २०२१ मध्ये मॅन्सिनी आणि डुरिफ यांची टीव्ही मालिका आली आणि ती तीन सीझन चालली. त्यातला एक तपशील मला फार आवडतो. चकी बाहुला होण्याआधीचा तरुण खुनी दाखवायचा होता. ती भूमिका केली ब्रॅडची मुलगी फिओना डुरिफ हिनं. मेकअप करून ती तरुणपणचे वडील झाली आणि आवाज वडिलांचा. एका घरातल्या दोन जिवंत माणसांनी मिळून जुना चेहरा उभा केला.

आता मंत्र यंत्राकडे आहे

गेलेल्या नटाला परत आणणं आता अशक्य राहिलेलं नाही. 'रोग वन' (२०१६) मध्ये पीटर कुशिंग दिसला, तो १९९४ मध्येच वारला होता. तिथे सेटवर दुसऱ्या एका नटानं अभिनय केला आणि त्याच्या चेहऱ्यावर कुशिंगचा डिजिटल चेहरा चढवला. आपल्याकडे २०२४ मध्ये ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम' मधल्या गाण्यासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज एआयनं वापरले. कुटुंबांची परवानगी घेतली आणि मानधनही दिलं. त्याच वर्षी विजयच्या 'गोट' मध्ये दिवंगत अभिनेते विजयकांत कुटुंबाच्या संमतीनं एआयनं अवतरले.

कायदा काय म्हणतो? कॉपीराइट कायद्यानुसार नटानं लेखी करार करून सिनेमात काम केलं की निर्मात्यानं ते सादरीकरण वापरायला त्याला एरवी हरकत घेता येत नाही, पण त्याच चित्रपटापुरतं. एका सिनेमातला चेहरा उचलून तिसराच सिनेमा करावा, असा विचार हा कायदा लिहिताना कुणाच्या मनात आला असेल असं वाटत नाही. जिवंत कलाकारांना न्यायालयांनी संरक्षण दिलंय. अनिल कपूर यांना २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं दिलं, अरिजित सिंग यांना आवाजाच्या एआय नकलेविरुद्ध २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं दिलं. पण गेलेल्यांचं काय? सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये म्हटलं की असे व्यक्तिमत्त्वाचे हक्क माणसाबरोबरच संपतात, ते वारसाकडे जात नाहीत. रॉबिन विल्यम्सनं मात्र आधीच लिहून ठेवलं होतं की मृत्यूनंतर पंचवीस वर्षं आपली प्रतिमा वापरू नये. लक्ष्याच्या पिढीतल्या कुठल्या नटाला असं काही लिहून ठेवायचं सुचलं असतं?

म्हणजे आपल्याकडे हा प्रश्न शेवटी माणसांच्या भल्या मनावर येऊन थांबतो. कोठारे आणि बेर्डे यांची जुनी मैत्री पाहता तिथे वाईट हेतू असेल असं मला वाटत नाही. पण उद्या एखादा अनोळखी निर्माता हेच करेल तेव्हा त्याला कोण अडवणार?

'ह्यांची मान अशी हलायची नाही'

हा सगळा वाद मला वर्तमानपत्रातला वाटला असता, पण गेल्या वर्षी तो आमच्या घरात आला. आजोबांच्या वर्षश्राद्धाला माझ्या चुलतभावाच्या मुलानं त्यांचा एक जुना फोटो कुठल्याशा अॅपमध्ये घातला. फोटोतले आजोबा हसले, मान हलवली, डोळे मिचकावले. काकूच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळे म्हणाले, अगदी तसेच.

फोन आजीच्या हातात दिला. तिनं आधी डोक्यावरचा पदर सारखा केला, सवयीनं. मग बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, 'ह्यांची मान अशी हलायची नाही. हे हसताना आधी खाली बघायचे.' एवढं बोलून तिनं फोन परत दिला आणि वाडीचं पान ठेवलं का ते विचारलं.

ती बरोबर होती. आजोबा आधी खाली बघायचे. आम्ही सगळे तीस-चाळीस वर्षं त्यांच्यासमोर वाढलो, पण ते फक्त तिला ठाऊक होतं. अॅपला तर नव्हतंच. त्यानं जगातली लाखो हसणारी माणसं पाहून त्यांची सरासरी आजोबांच्या चेहऱ्यावर ठेवली होती.

पण गोष्ट इथेच संपली असती तर सोपं होतं. रात्री झोपताना आजीनं नातवाला हळूच हाक मारली आणि म्हणाली, 'ते दाखव रे पुन्हा.' म्हणून या तंत्राला सरसकट भूतविद्या म्हणून झटकून टाकणं मला जमत नाही. त्याची ओढ खरी आहे. महाराष्ट्रात कोट्यवधी लोकांना लक्ष्या पुन्हा एकदा बघायचा आहे, आणि त्यात मीही आहे.

नटाशिवाय भूमिका

मराठी रंगभूमीनं हा प्रश्न फार पूर्वी सोडवलाय, आणि वेगळ्या पद्धतीनं. मूळ संच संपतो, तेव्हा भूमिका पुढच्याच्या हातात जाते. 'मोरूची मावशी' म्हणजे विजय चव्हाण, असं ठरून गेलं होतं. पुढे भरत जाधवनं लुगडं नेसलं. 'हसवाफसवी' मधल्या सहा भूमिका म्हणजे प्रभावळकर. पुढे पुष्कर श्रोत्रीनं त्या केल्या. लोक तुलना करतात, नाकं मुरडतात, आणि मग हसतात. नव्यानं केलेल्या मावशीत जुनी मावशी दिसते, पण श्वास नव्या नटाचा असतो. त्याला त्या रात्रीचं नाइटचं पाकीट मिळतं. उद्या तोही कुणाला तरी शिकवेल. पाध्यांकडे अर्धवटराव असाच बापाकडून मुलाकडे आला.

एआयचा लक्ष्या ही साखळी तोडतो. त्यात पुढच्या नटाला जागा नाही. ज्यानं लक्ष्यासारखं घाबरायला शिकायला हवं होतं, त्या मुलाची गरजच उरत नाही. आणि बेर्डे घाबरायचे तेव्हा प्रत्येक टेकला वेगळे घाबरायचे. यंत्र त्यांनी आधी जेवढं घाबरून ठेवलंय त्यातूनच जोडाजोड करणार. नवी भीती त्याला येणार कुठून?

तरीही तिसऱ्या भागात लक्ष्या दिसलाच, तर माझ्या चार अपेक्षा आहेत. कुटुंबाची संमती आणि मानधन असावं, आणि ते प्रेक्षकाला कळावं. ज्या नटानं शरीर दिलं, ज्यानं आवाज काढला, त्यांची नावं श्रेयनामावलीत ठळक असावीत. लक्ष्या थोडाच वेळ यावा, आठवण म्हणून, सिनेमाचा डोलारा त्याच्यावर नसावा. आणि तात्या मात्र हातांनीच हलवावा. कॉम्प्युटरचा तात्या नको. तेच पाध्यांचे हात, तोच प्रभावळकरांचा आवाज, जोवर ती माणसं आहेत तोवर.

बाकी उरलेली जागा एखाद्या जिवंत पोराला द्यावी. त्यानं बाहुल्यासमोर उभं राहावं आणि घाबरून दाखवावं. त्याला पहिल्या दिवशी जमणार नाही, आपण म्हणू लक्ष्याची सर नाही. पण तो खरंच घाबरला, तर पनवेलमधल्या एखाद्या फ्लॅटमध्ये एखादी मुलगी रात्री आपली बाहुली पुन्हा कपाटात ठेवेल.